मोरॉलबद्दल नामथ चुकलाच होता

जो नामथची गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी पाठवलीच असेल. जानेवारी १९६९, अमेरिकन फुटबॉलचा तिसरा सुपर बोल, म्हणजे एनएफएल आणि एएफएल या दोन लीगच्या विजेत्यांमधला सामना. एकीकडे एएफएलचे न्यूयॉर्क जेट्स, दुसरीकडे एनएफएलचे बाल्टिमोर कोल्ट्स, आणि सट्टेवाल्यांच्या हिशेबात कोल्ट्स १८ गुणांनी जिंकणार. जेट्सचा २५ वर्षांचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) नामथ सामन्याआधी पत्रकारांना सांगतो की कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अर्ल मोरॉल याच्यापेक्षा चांगले चार-पाच जण तर आमच्याच लीगमध्ये आहेत. मग एका समारंभात तो 'रविवारी आम्हीच जिंकणार, गॅरंटी देतो' असं म्हणतो. जेट्स १६-७ असे जिंकतात. खाली तात्पर्य जोडलेलं असतं: समोरच्याला आधी तोंडाने हरवा, मग मैदानात तो आपोआप हरतो.

तारीख बरोबर आहे, स्कोअर बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि ज्या खेळाडूला पायरी करून ही गोष्ट उभी केली जाते त्याच्यावर धडधडीत अन्याय करणारा आहे. तेव्हा एकेक दावा घेऊ.

पहिला आणि सगळ्यात वाईट दावा: 'नामथ मोरॉलबद्दल खरंच बोलला होता, निकालानेच ते सिद्ध केलं.'

१९६८चा मोसम बघा. मोरॉलने २६ टचडाउन पास दिले (टचडाउन म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण) आणि त्याचे १७ पास समोरच्या संघाने झेलले, म्हणजे इंटरसेप्शन झाले. त्याच वर्षी नामथचे टचडाउन पास होते १५ आणि इंटरसेप्शन १७. मोरॉल त्या वर्षी एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोल्ट्सनी साखळीतले १४पैकी १३ सामने जिंकले. एकच हरले, क्लीव्हलँड ब्राउन्सकडून, आणि त्याच ब्राउन्सना लीगच्या अंतिम सामन्यात ३४-० असं धुतलं. नामथने 'मोरॉलपेक्षा सरस' म्हणून जी नावं घेतली त्यांत सॅन डिएगोचा जॉन हॅडल होता. हॅडलने त्या मोसमात ३२ इंटरसेप्शन दिले होते. बत्तीस! ऑकलंडचा डॅरिल लमोनिका आणि मायामीचा बॉब ग्रीसी यांच्याबद्दल वाद घालता येईल, दोघेही उत्तम होते. पण हॅडलचं त्या वर्षीचं नाव मोरॉलच्या वर लावायला आकड्यांत कुठेच जागा नाही. आणि नामथ स्वतः? त्याच मोसमात बफेलो बिल्सविरुद्ध त्याने ५ इंटरसेप्शन दिले. बिल्सनी वर्षभरात एकच सामना जिंकला, तो हा. दोन आठवड्यांनी डेन्व्हरविरुद्ध पुन्हा ५.

आकड्यांच्या पलीकडेही एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त बोचते. मोरॉल तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि कोल्ट्स हा त्याचा पाचवा संघ होता. सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, न्यूयॉर्क जायंट्स असं फिरत तो बाल्टिमोरला आला, तो जॉनी युनिटासचा राखीव म्हणून. युनिटास म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर सरावाच्या सामन्यात युनिटासचा हात दुखावला आणि राखीव माणसाच्या हातात संघ आला. त्या माणसाने तो संघ सुपर बोलपर्यंत नेला. अशा वर्षाच्या शेवटी एका सहव्यावसायिकाने जाहीरपणे त्याला पाचव्या-सहाव्या नंबरवर बसवणं हे अन्यायाचं बोलणं होतं. कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शुला चिडले आणि मोरॉलच्या बाजूने उभे राहिले, यात काहीच नवल नाही.

आता त्या दिवसाबद्दल. १२ जानेवारीला मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर मोरॉल वाईट खेळला. ते झाकायचं कारण नाही. १७पैकी ६ पास पूर्ण, ७१ यार्ड, ३ इंटरसेप्शन. त्यातला तिसरा जवळून पाहण्यासारखा आहे. पूर्वार्ध संपायला काही सेकंद उरलेत, जेट्स ७-०ने पुढे. मोरॉल चेंडू टॉम मॅटीला देतो, मॅटी उजवीकडे पळाल्यासारखं करून चेंडू परत मोरॉलकडे फेकतो. फसवी चाल आहे आणि ती पूर्ण फसवून गेलीय: डावीकडे गोलरेषेजवळ जिमी ऑर एकटा उभा आहे, आसपास जेट्सचा एकही माणूस नाही, आणि तो दोन्ही हात वर करून हलवतोय. मोरॉलला तो दिसत नाही. तो मध्ये जेरी हिलकडे पास देतो आणि जेट्सचा जिम हडसन चेंडू पळवतो. ऑर का दिसला नाही यावर आजही बोललं जातं. ऑरच्या मागे मध्यंतरासाठी बँडपथक जमलं होतं, त्यांच्या निळ्या गणवेशात कोल्ट्सची निळी जर्सी मिसळून गेली, असं एक स्पष्टीकरण आहे. ते खरं असो वा नसो, चूक मोरॉलचीच. पण एका दुपारच्या चुकीने वर्षभराचा खेळ खोटा होत नाही. तोच निकष लावला तर बफेलोच्या सामन्यावरून नामथही सामान्य ठरेल.

'नामथच्या बोलण्याने कोल्ट्सचं मनोधैर्य खचलं.' हे तर सामना न पाहता लिहिलेलं आहे. कोल्ट्सनी आपल्या पहिल्याच डावात जेट्सच्या गोलरेषेजवळ मुसंडी मारली आणि लू मायकल्सने २७ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचा, तीन गुणांचा) चुकवला. पुढे मोरॉलचा एक पास टॉम मिचेलच्या अंगावरून उडून गोलक्षेत्रात जेट्सच्या रँडी बेव्हर्लीच्या हातात पडला. मॅटी एका धावेत ५८ यार्ड पळाला, त्यानंतर गोलरेषेच्या तोंडाशी जेट्सच्याच जॉनी सँपलने चेंडू झेलला. खचलेला संघ इतक्या वेळा दारापर्यंत पोचत नाही. एकूण यार्डांत दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत होते. फरक पडला तो कोल्ट्सनी पाच वेळा चेंडू गमावल्यामुळे, जेट्सनी एकदाच. यातल्या कुठल्या चुकीचा धागा नामथच्या मुलाखतींपर्यंत जातो ते ही पोस्ट पाठवणाऱ्याने दाखवावं.

उलट जेट्सचे प्रशिक्षक वीब यूबँक गॅरंटीचं ऐकून संतापले होते. त्यांना कोल्ट्स गाफील हवे होते. आपला क्वार्टरबॅक समोरच्यांना चेव आणणारं काहीतरी बोलून बसला, ही त्यांची तक्रार. आणि यूबँक हे कोल्ट्सना आतून ओळखणारे गृहस्थ होते: १९५८ आणि १९५९ची दोन विजेतेपदं त्यांनीच कोल्ट्सना मिळवून दिली होती. त्यांना जर हे बोलणं डावपेच वाटलं नाही, तर साठ वर्षांनी आपण त्याला डावपेच का म्हणावं?

मुळात ती गॅरंटी आधी ठरवून दिलेली नव्हती. सामन्याच्या तीन दिवस आधी मायामीत नामथचा सत्कार होता, तिथे कोल्ट्सच्या एका चाहत्याने मागून टोमणा मारला आणि नामथने तिथल्या तिथे उत्तर दिलं. एवढंच. गॅरंटीबद्दल माझी काही तक्रारही नाही. आपल्या संघावर विश्वास आहे असं सांगणं वेगळं आणि समोरच्या माणसाची लायकी काढणं वेगळं. पोस्टमध्ये दोन्ही एकाच वाक्यात बांधलेलं असतं, आणि मग गॅरंटीची सगळी चमक त्या दुसऱ्या बोलण्यावरही पडते.

'एकट्या नामथने सामना जिंकून दिला.' सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला हे खरं. पण त्या दिवशी त्याने एकही टचडाउन पास दिला नाही. जेट्सचा एकमेव टचडाउन मॅट स्नेलने चेंडू घेऊन पळून केला, बाकीचे गुण जिम टर्नरच्या तीन फील्ड गोलांचे आणि एका जादा गुणाचे. स्नेल ३० वेळा चेंडू घेऊन पळाला आणि त्याने १२१ यार्ड काढले. त्यातल्या बहुतेक धावा डावीकडून झाल्या, कारण तिथे विन्स्टन हिल कोल्ट्सच्या ऑर्डेल ब्रास या ३६ वर्षांच्या बचावपटूला दिवसभर बाजूला सारत होता. हिलचं नाव या पोस्टमध्ये कधीच नसतं. त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जागा मिळायला २०२० उजाडलं, तोवर तो हयातही नव्हता. जेट्सच्या बचावफळीने मोरॉलचे तीन धरून चार पास झेलले, त्यांचाही कुठे उल्लेख नाही.

आणि नामथचं खरं कर्तृत्व? ते होतं, आणि मोठं होतं. कोल्ट्सची बचावफळी अचानक क्वार्टरबॅकवर तुटून पडण्यासाठी प्रसिद्ध होती. जेट्सच्या खेळाडूंनी त्यांच्या सामन्यांच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. इतक्या, की त्यांच्यातल्या पीट लॅमन्सने प्रशिक्षकांना विनवलं, आता फिल्म दाखवणं बंद करा, नाहीतर आम्ही फाजील आत्मविश्वासाने हरू. नामथ रेषेवर उभा राहून समोरची मांडणी वाचायचा आणि ऐनवेळी चाल बदलायचा. डॉन मेनार्ड हा त्याचा सगळ्यात धोकादायक झेल घेणारा गडी मांडीच्या दुखापतीने जायबंदी होता. सुरुवातीलाच नामथने त्याच्याकडे एक लांब पास फेकला. तो थोडक्यात हुकला, पण कोल्ट्स त्यानंतर मेनार्डच्या बाजूला झुकून राहिले. मेनार्डने सामन्यात एकही झेल घेतला नाही, आणि दुसऱ्या बाजूने जॉर्ज सॉअरने ८ झेल घेऊन १३३ यार्ड काढले. शेवटच्या पावभागात तर नामथने एकही पास फेकला नाही. आघाडी होती, चेंडू स्नेलकडे देत घड्याळ संपवलं. बफेलोविरुद्ध ५ इंटरसेप्शन देणारा तरुण तीन-साडेतीन महिन्यांत एवढा संयम शिकला, ही या गोष्टीतली खरोखर सांगण्यासारखी बाब आहे. तिच्यात मोरॉलचा काही संबंध नाही.

नामथच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. तो ज्या एएफएल लीगमध्ये खेळत होता तिला जुन्या एनएफएलवाल्यांनी १९६०पासून दुय्यम मानलं होतं. पहिले दोन सुपर बोल ग्रीन बे पॅकर्सनी ३५-१० आणि ३३-१४ असे सहज जिंकले, त्यामुळे त्या हिणवण्याला जोर आला होता. त्या दोन आठवड्यांत जेट्सबद्दल जे छापून येत होतं ते वाचून कुणाचंही डोकं फिरलं असतं. आमच्या लीगमध्येही उत्तम क्वार्टरबॅक आहेत, हे त्याला सांगायचं होतं आणि ते सांगायलाच हवं होतं. फक्त त्यासाठी त्याने चुकीचा माणूस निवडला. एएफएलची टिंगल मोरॉलने केली नव्हती. पाच संघांची दारं ठोठावलेल्या खेळाडूला दुय्यम समजलं जाणं म्हणजे काय, हे तर नामथपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं.

'मोठे खेळाडू असेच बोलतात आणि जिंकतात.' जे बोलून जिंकले तेवढेच आपल्याला आठवतात, म्हणून असं वाटतं. क्रिकेटमधलंच उदाहरण घ्या. १९७६मध्ये इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग टीव्हीवर म्हणाला होता की वेस्ट इंडिजला आम्ही लोटांगण घालायला लावू. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीय संघाबद्दल हे बोलावं, याची चीड वेगळीच होती. व्हिव्ह रिचर्ड्सने त्या मालिकेत ८२९ धावा ठोकल्या, मायकल होल्डिंगने ओव्हलवर १४ बळी घेतले आणि वेस्ट इंडिजने मालिका ३-०ने जिंकली. बोलण्याने निकाल ठरतो म्हणणाऱ्यांनी ग्रेगचाही हिशेब लावावा.

शेवटचा दावा तर शुद्ध थाप आहे: 'त्या सामन्यानंतर मोरॉल संपला.'

दोनच वर्षांनी, १७ जानेवारी १९७१ला, त्याच ऑरेंज बोलवर कोल्ट्स पुन्हा सुपर बोल खेळत होते. समोर डॅलस काउबॉइज. दुसऱ्या पावभागात युनिटास जखमी होऊन बाहेर गेला आणि उरलेला सामना मोरॉलने चालवला. कोल्ट्स १६-१३ने जिंकले, जिम ओब्रायनच्या शेवटच्या पाच सेकंदांतल्या फील्ड गोलवर. पुढे शुला मायामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक होते तेव्हा कोल्ट्सनी मोरॉलला सोडलं, आणि शुलांनी त्याला अवघ्या १०० डॉलरमध्ये उचललं. १९७२च्या पाचव्या सामन्यात डॉल्फिन्सच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला. तो क्वार्टरबॅक होता बॉब ग्रीसी, नामथच्या यादीतला. त्याच्या जागी ३८ वर्षांचा मोरॉल उतरला, तो सामना जिंकला, आणि साखळीतले पुढचे नऊच्या नऊ सामनेही जिंकले. त्यातला एक नामथच्या जेट्सविरुद्ध होता, १९ नोव्हेंबरला. डॉल्फिन्स २८-२४ने जिंकले, आणि त्यात मोरॉलने स्वतः चेंडू घेऊन ३१ यार्ड पळून एक टचडाउन केला. बाद फेरीत क्लीव्हलँडलाही त्याने हरवलं. पिट्सबर्गविरुद्धच्या पुढच्या सामन्यात उत्तरार्धात बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवलं गेलं, सुपर बोलही ग्रीसीच खेळला, आणि मोरॉलने कुरबूर केली नाही. डॉल्फिन्सनी त्या वर्षी १७पैकी १७ सामने जिंकले. साखळीपासून सुपर बोलपर्यंत एकही सामना न गमावलेला एनएफएलच्या इतिहासातला तो आजही एकमेव संघ आहे, आणि त्या १७ सामन्यांतल्या ११ सामन्यांची सुरुवात अर्ल मोरॉलने केली होती.