वैमानिकांचे कौशल्य-मूल्यांकन : ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

ऑस्ट्रेलियात नोकरीसाठी स्थलांतर करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या वैमानिकांना ज्या कौशल्य-मूल्यांकनातून जावे लागते, त्याविषयीच्या आणि त्यासाठी उड्डाणांची नोंदवही पहिल्यापासून चोख भरण्याविषयीच्या माझ्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक प्रदीर्घ प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा : लेख मुलांना घाबरवणारा आहे, ‘ज्याचा हात चांगला, त्याला कागदांची भीती कशाला?’, मूल्यांकन अनुकूल आले तरी तिकडे नोकरी मिळत नाही, हे मी सांगितले नाही, इंग्रजीची परीक्षा दोनदा देण्याचे कारण नाही, हेलिकॉप्टरवाल्यांना मी वगळले, आणि निवृत्त माणसाकडे असल्या लिखाणासाठी वेळच वेळ असतो.

मतभेदाचे मला वावडे नाही. पण ज्याच्याशी ओळखदेख नाही, त्याला ‘कॅप्टनसाहेब, जरा जमिनीवर या’ असे म्हणून सुरुवात करणे ही कोणत्या स्पष्टवक्तेपणाची रीत आहे, हे आपण सांगितलेत तर बरे होईल. कनिष्ठाने वरिष्ठाला त्याची चूक न कचरता सांगावी, यासाठी वैमानिकांना सीआरएमचे (विमानातल्या सहकाऱ्यांनी एकमेकांशी कसे काम करावे याचे) वर्ग करावे लागतात. ते वर्ग मी घेतलेले आहेत, आणि चूक दाखवायची कशी यावरच त्यात सर्वांत जास्त वेळ खर्च होतो.

हेलिकॉप्टरचा मुद्दा मात्र रास्त आहे आणि तो मान्य करायला मला काहीच अडचण नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय-सूचीत विमान-वैमानिकाचा क्रमांक २३११११ आणि हेलिकॉप्टर-वैमानिकाचा २३१११४ असा वेगळा आहे. लेख पहिल्या क्रमांकाबद्दल होता, तसा उल्लेख मी आता त्या लेखात जोडला आहे.

आता ते हाताचे वाक्य. ऐकायला झकास आहे; फ्लाइंग क्लबच्या कँटीनमध्ये त्याला टाळ्याही मिळतील. पण ते लिहिताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ केली आहे. पहिली गोष्ट मूल्यांकन : ते तिथली सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटी, म्हणजे ‘कासा’ करते, आणि त्याचा उपयोग व्हिसासाठी असतो. दुसरी गोष्ट परवाना : तोही कासाच देते, पण सप्टेंबर २०१४ पासून लागू असलेल्या ‘पार्ट ६१’ या नियमावलीखाली, आणि परदेशी परवान्यावरून तो घेताना हवाई कायदा व मानवी घटक या विषयांचा पेपर, वैद्यकीय तपासणी आणि उड्डाण-चाचणी यांतून जावे लागते. तिसरी गोष्ट नोकरी : तिथे कंपनी तुम्हाला सिम्युलेटरमध्ये बसवून स्वतःची खात्री करून घेते. तुमचा तो चांगला हात दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर पाहिला जातो. पहिल्या टप्प्यावर तुमचे लँडिंग पाहायला कोणीही आलेले नसते. ऐन जुलैच्या पावसात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर तुम्ही आडव्या वाऱ्यात विमान किती अलगद टेकवलेत, हे दूर बसलेल्या अधिकाऱ्याला लॉगबुकाखेरीज, म्हणजे तुमच्या उड्डाणांच्या नोंदवहीखेरीज, सांगणार कोण? जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचेही सातबाऱ्यावर नाव नसेल, तर बँक त्याला पीककर्ज देत नाही. तिथे त्याच्या हातावरचे घट्टे कोणी मोजत बसत नाही.

आणि हे लॉगबुक ‘भरून ठेवले की झाले’ इतके सरळ नसते. एकूण तासांची बेरीज कोणीही करील. प्रश्न रकान्यांचा असतो. कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले तास), को-पायलट, देखरेखीखालची कमांड (कॅप्टनच्या नजरेखाली केलेली), रात्र, इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण) असे ते रकाने, आणि देखरेखीखालचे तास प्रत्येक देश सारख्याच मापाने धरत नाही. त्यात वेळेचा घोळ. कंपनीच्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असतात, आणि मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान यूटीसीप्रमाणे आदल्या तारखेला रात्री साडेआठला निघालेले असते. ज्या मुलाने वही भारतीय वेळेने भरली आणि कंपनीचा उतारा यूटीसीचा जोडला, त्याचे प्रत्येक मध्यरात्रीनंतरचे उड्डाण दोन कागदांवर दोन तारखांना दिसते. यात खोटेपणा कणभरही नाही; पण ते पत्र लिहून, शिक्क्यानिशी समजावून सांगावे लागते, आणि ते समजावून सांगायला मुलाचा ‘हात’ कामी येत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही. आमच्या कंपनीचे पगार थकू लागले तेव्हा मी स्वतः या वाटेने गेलो आणि पुढे क्वीन्सलंडमध्ये टर्बोप्रॉप विमाने उडवली. कमांडचे तास माझ्याकडे मुबलक होते. अडले कुठे, तर अगदी सुरुवातीच्या, सेसना या छोट्या प्रशिक्षण-विमानावरच्या तासांपाशी. एका पानावर तेव्हाच्या प्रशिक्षकाने चुकलेला आकडा एका रेघेने खोडून बाजूला आद्याक्षरे करण्याऐवजी त्यावर व्हाइटनर फासला होता, आणि पानाखाली सीएफआयची (क्लबच्या मुख्य उड्डाण-प्रशिक्षकाची) सही होती पण शिक्का नव्हता. क्लबचे मूळ रजिस्टर ओल लागून खराब झालेले, सीएफआय केव्हाच निवृत्त झालेले. त्यांना शोधून, त्यांच्यासमोर ते पान ठेवून, त्यांच्या हातचे प्रमाणपत्र आणले, तेव्हा गाडी पुढे सरकली. त्या काळात मला कोणी ‘हात चांगला आहे ना, मग भिता कशाला?’ असे विचारले असते, तर मी काय उत्तर दिले असते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

तुम्ही म्हणाल, हा कारकुनी छळ आहे. तर मग मागची काही वर्षे आठवा. २०११ मध्ये आपल्याच देशात बनावट गुणपत्रिका जोडून वैमानिकांनी एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना) मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या, आणि आपल्या नियामकाला, म्हणजे डीजीसीएला, परवान्यांच्या जुन्या फायली पुन्हा काढाव्या लागल्या. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान-वाहतूक मंत्र्यांनी तिथल्या २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले. त्यानंतर युरोपीय नियामकाने १ जुलैपासून पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सला मनाई केली, आणि व्हिएतनामने तर आपल्याकडे काम करणाऱ्या सगळ्या पाकिस्तानी वैमानिकांना जमिनीवर उतरवले. त्यांपैकी अनेकांचे परवाने अस्सल होते आणि हातही चांगले असणार. परदेशात तुमची पारख तुमच्या नियामकाच्या सहीवर किती विश्वास आहे यावरून सुरू होते, हे त्या लोकांनी आपल्या नोकऱ्या पणाला लागल्यावर अनुभवले. म्हणून मी मुलांना सांगतो, आणि पुन्हा सांगणार, की वही पहिल्या दिवसापासून अशी भरा की ती तुमच्या गैरहजेरीत तुमच्या वतीने बोलेल. याला तुम्ही घाबरवणे म्हणत असाल, तर टेक-ऑफपूर्वीची चेकलिस्टही घाबरवणारीच म्हणावी लागेल.

बाकी मुद्द्यांवर वेळ दवडण्याची गरज मला वाटत नाही. मूल्यांकन म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, हे शीर्षकावरूनच कळायला हवे होते. जेमतेम दोनशे तासांचा सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा पहिला परवाना) घेऊन निघालेल्याला तिकडे कोण उभे करणार, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इंग्रजीचे म्हणाल, तर परवान्यावरची पातळी ६ ही रेडिओवरच्या संवादापुरती असते, व्हिसाचे खाते ती धरत नाही आणि आपली वेगळी परीक्षा मागते. तक्रार करायचीच तर त्या खात्याकडे करावी. आणि निवृत्तीबद्दल : आपल्या देशात प्रवासी विमान-वाहतुकीत ६५ वर्षांनंतर कोणालाच उडवता येत नाही, तेव्हा आपल्यालाही कधीतरी हा वेळ मिळेलच.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. ‘आठ दिवसांत काम करून देणाऱ्या’ त्या एजंटाचा जो मोबाइल नंबर तुम्ही शेवटी दिला होता, तेवढा मात्र वगळला आहे.