ब्लेड तेव्हाही होतं, भाऊ

गेला आठवडाभर आमच्या फोंड्याच्या संगीत गटावर एक मजकूर फिरतोय. आधी पेटीवाल्या भाऊंनी टाकला, मग त्यांच्या मेहुण्याने, आणि काल पहाटे सुप्रभातच्या जास्वंदीखाली पुन्हा एकदा आला. मजकूर असा: ‘पूर्वीचे रॉक-पॉप अल्बम एका बैठकीत व्हायचे. बीटल्सनी पहिला अल्बम एका दिवसात केला. काटछाट नाही, यंत्रांची करामत नाही, बँडची पोरं सगळं स्वतः वाजवायची. पिंक फ्लॉइडने तर अख्खा अल्बम एका सिनेमावर बेतला. आता घरबसल्या लॅपटॉपवर तुकडे जोडतात, म्हणून गाण्यात जीव उरला नाही.’

खाली रांगेने जोडलेले हात आणि एक ‘अगदी खरं’. भाऊ वडीलधारे, त्यामुळे गटावर तोंड उघडलं नाही. पण ऐंशीच्या दशकात पणजीत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी उमेदवारी केली आहे, आणि ‘काटछाट नाही’ हे शब्द माझ्या पचनी पडत नाहीत.

बीटल्सचं विधान आधी घेतो, कारण सगळ्या मजकुरात तेवढंच बऱ्यापैकी खरं आहे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी ते लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत सकाळी शिरले आणि रात्री उशिरा बाहेर पडले, तेव्हा दहा गाणी टेपवर होती. गायक जॉन लेननला सर्दी झालेली. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर घशात काही उरणार नव्हतं. ऐकताना तो खरखरीत घसा कळतो. पण ‘प्लीज प्लीज मी’ या अल्बमवर गाणी चौदा आहेत. उरलेली चार आधीच छोट्या तबकड्यांवर बाजारात आलेली होती. शिवाय त्या दहांतल्या दोन गाण्यांवर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नऊ दिवसांनी, बीटल्स तिथे नसताना, आपल्या हाताने सूर चढवले. ‘मिझरी’तला पियानो तर टेप निम्म्या वेगाने चालवून वाजवला, म्हणजे मूळ वेगात तो सफाईदार ऐकू यावा. याला भाऊ काय म्हणतात ते मला ऐकायचं आहे.

आणि अल्बम सुरू होतो तो ‘वन, टू, थ्री, फोर!’ या मॅकार्टनीच्या आरोळीने. ती आरोळी नवव्या प्रयत्नातली, तिच्यामागून येणारं गाणं पहिल्या प्रयत्नातलं. ‘एका बैठकीतल्या’ अल्बमचा पहिलाच सेकंद कापून डकवलेला आहे.

खरोखर एका दिवसात झालेले अल्बम आहेत, नाही म्हणत नाही. ब्लॅक सबाथने आपला पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९मध्ये जवळपास तसाच उरकला. पण त्यावरून सगळ्यांचं माप काढायचं म्हणजे बोरीच्या पुलावर एकदा गर्दी नव्हती म्हणून कधीच नसते असं म्हणण्यासारखं.

आता काटछाटीकडे येतो. टेप कशी कापतात ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही स्पूल हातांनी मागेपुढे फिरवायचे. आवाज भोपळ्यात गुरगुरल्यासारखा येतो, आणि त्या गुरगुरीत ठोका नेमका कुठे पडतो ते कानाने हेरायचं. तिथे टेपच्या पाठीवर पेन्सिलीने खूण. मग टेप खाचेच्या पट्टीत बसवून दाढीच्या ब्लेडने तिरका छेद. तिरका अशासाठी की जोडावरून आवाज सरकत जावा, टचकन तुटू नये. दोन टोकं भिडवायची, पाठीमागून चिकटपट्टी, नखाने घासायची. आमच्याकडे टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. अ‍ॅबी रोडला पंधरा. म्हणजे त्यांना एका सेकंदात कापायला माझ्या दुप्पट जागा! मला तेव्हा त्यांचा चक्क हेवा वाटायचा.

ती जागा त्यांनी वापरलीही. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’ला सुमारे ७०० तास लागले असं सांगतात. त्यातल्या ‘मिस्टर काइट’मध्ये जत्रेचा माहोल हवा होता, तर वाफेवर चालणाऱ्या जुन्या ऑर्गनच्या टेपांचे तुकडे केले, हवेत उडवले आणि हाताला आले तसे जोडले. शिरगावच्या जत्रेत चार भोंगे एकदम लागल्यावर जसं होतं, तसंच काहीसं ऐकू येतं. त्याच काळातलं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ त्या अल्बमवर घेतलं नाही, पण माझा सगळ्यांत लाडका जोड त्यातला आहे. लेननला एका मुद्रणाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. मार्टिन आणि तंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनी एकाचा वेग वाढवला, दुसऱ्याचा उतरवला, आणि साधारण एका मिनिटाच्या आसपास ब्लेड चालवलं. लेननचा आवाज तिथून पुढे किंचित जड होतो. एकदा कळलं की कान दर वेळी तिथेच अडखळतात, पण न सांगता जोड पकडणारा मला अजून भेटलेला नाही.

क्वीनच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’चं, १९७५चं, उदाहरण त्याहून टोकाचं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला तो गायकांचा जथा म्हणजे तीनच माणसं, पुन्हा पुन्हा स्वतःवरच गात गेलेली. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून उजेड आरपार दिसू लागला. यंत्रांची करामत नाही म्हणे!

‘स्वतः वाजवायची’ या मुद्द्याला फार वेळ देत नाही. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ची (१९६६) बरीचशी वाद्यं लॉस एंजेलिसच्या भाडोत्री वादकांनी वाजवली. बँडचा म्होरक्या ब्रायन विल्सन त्यांच्याकडून काम करून घेत होता तेव्हा बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर होता. परत आल्यावर त्यांनी गळे दिले. आणि बीटल्सच्याच पहिल्या अल्बमवरच्या ‘लव्ह मी डू’त ड्रमवर अँडी व्हाइट नावाचा बाहेरचा वादक आहे, बीटल्सचा स्वतःचा ड्रमर रिंगो डफली वाजवतोय.

हा एका बैठकीचा समज आपल्याकडे रुजला कसा, याबद्दल माझा एक तर्क आहे. गोव्यातल्या सासष्टी-बार्देशातून कितीतरी वादक मुंबईला सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना लिहिली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. त्या काळी गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवायचा, मोजक्या मायक्रोफोनांवर. शेवटच्या ओळीत एका ट्रम्पेटवाल्याचा श्वास चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हे त्या वादकांनी सुट्टीत गावी येऊन बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. आपण ते उचललं आणि लंडनला नेऊन चिकटवलं. तर्कच आहे, पण भाऊंच्या तोंडी मी या दोन्ही गोष्टी एका दमात ऐकल्या आहेत.

आता पिंक फ्लॉइड. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९च्या सिनेमाशी जुळवून केला, ही अफवा जुनीच, आणि बँडने ती वेळोवेळी हसण्यावारी नेली आहे. मजा अशी की मजकूर लिहिणाऱ्याला एकीकडे अल्बम एका बैठकीत हवा आहे आणि दुसरीकडे सेकंदासेकंदाला सिनेमाशी जुळलेला. दोन्ही कसं जमायचं?

जुळवाजुळव मात्र त्या अल्बममध्ये आहे, आणि ती सिनेमापेक्षा भारी आहे. ‘मनी’च्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याची घंटी एका ठेक्यात वाजते. त्या आवाजांचे टेपचे तुकडे फूटपट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि टोकाला टोक जोडून कडं केलं. सात मात्रांचं आवर्तन. आमचा तबलजी लगेच ‘रूपक’ म्हणाला. वजन रूपकाचं नाही, पण मात्रा मोजल्या हे चांगलं केलं. गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चार मात्रांवर उतरतं, तिथे तोही दचकला. त्याच अल्बमवरचा क्लेअर टोरीचा शब्दांवाचूनचा टाहो, ज्याला भाऊ ‘एका श्वासात आतून आलेला’ म्हणतात, तो तिच्या एकाहून जास्त प्रयत्नांतून वेचून जुळवलेला आहे. तिला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले. पुढे ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं.

राहता राहिलं घरबसल्या तुकडे जोडणं. यासाठी लंडनला जायची गरज नाही, फोंड्याहून शिवोलीपर्यंत गेलं तरी पुरे. आपला गोंयकार गायक रेमो फर्नांडिसने १९८४चा ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम तिथल्या आपल्या घरी, चार ट्रॅकच्या, म्हणजे चार थर वेगवेगळे घेणाऱ्या, कॅसेट यंत्रावर केला. वाद्यं स्वतःच वाजवली, आवाज स्वतःचेच, आणि कॅसेटी दुकानांत पोचवायलाही स्वतःच फिरला. एक माणूस एका वेळी गिटार, बासरी आणि चार गळे वाजवू-गाऊ शकत नाही. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असंच ते झालं असणार.

ती कॅसेट भाऊंच्या कपाटात आहे. गेल्या चतुर्थीला गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर त्यांनीच लावली होती. मध्येच टेप यंत्रात अडकली, तेव्हा पेन्सिल घालून गुंडाळायला त्यांनी मलाच हाक मारली.