४२० ताटं

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आईने वाड्यावर वाटायच्या वस्तू मोजून टेबलावर मांडल्या, ८४ नेवऱ्या (घाटावरच्यांनी करंज्या समजावं) आणि ६० लाडू, आणि म्हणाली सगळ्या ताटांत सारखंच गेलं पाहिजे, कमीजास्त झालं की पुढच्या चवथीपर्यंत ऐकावं लागतं, तर जास्तीत जास्त किती ताटं होतील ते सांग. नेमकी लेक सहावीत, शाळेत हाच धडा चालू, म्हटलं बापाने भाव खायची हीच वेळ.

आता घोळ असा की आई मराठी शाळेतली, ती मसावि-लसावि म्हणते (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्ही आकड्यांना भागणारा मोठ्यात मोठा आकडा, आणि लघुत्तम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारा लहानात लहान), मी चौथीनंतर इंग्रजीत गेलो म्हणून त्यांनाच एचसीएफ-एलसीएम, आणि दोन्हीकडे कच्चाच राहिलो. त्यात ही नावं कोणी ठेवली देव जाणे, लघुत्तम म्हणे आणि आकडा निघतो हा एवढा, महत्तम म्हणे आणि हातात येतो चिमूटभर!

अवयव पाडले. ८४ चे २, २, ३, ७ आणि ६० चे २, २, ३, ५. इथवर फस्क्लास. मग दोघांतले सामाईक एकदाच घेतले, उरलेले ७ आणि ५ पण घेतले, सगळं गुणलं आणि जाहीर केलं, "४२० ताटं!"

आई हातातली नेवरी धरून बघतच राहिली. "साठ लाडू आणि चारशे वीस ताटं? लोकांना काय नुसता वास पाठवायचा?"

"बाबा, तू एलसीएम काढलास," लेक म्हणाली आणि मग तिला कळलं की आकडा कुठला आलाय. दिवसभर घरात माझं नाव तेच.

तिने अवयव पाडलेच नाहीत. ८४ मधून ६० गेले, राहिले २४. ६० मधून २४ दोनदा गेले, राहिले १२. २४ मधून १२ दोनदा, संपलं. उत्तर १२. ही म्हणे युक्लिड नावाच्या ग्रीक गणितज्ञाची युक्ती, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची, म्हणजे मी साधारण २३०० वर्षं मागे. मी तरी अब्रू वाचवायला दाखवलं की बघ, १२ गुणिले ४२० म्हणजे ५०४०, आणि ८४ गुणिले ६० पण ५०४०च, तर माझं उत्तर चूक नव्हतं, फक्त भलत्याच प्रश्नाचं होतं. कोणी ऐकत नव्हतं. एलसीएम कुठे लागतो हे पण सांगितलं, एक बस दर १५ मिनिटांनी आणि दुसरी दर २० मिनिटांनी सुटली, आणि पहिल्यांदा दोन्ही बरोबर निघाल्या, तर ६० मिनिटांनी दोन्ही परत एकदम, त्यावर आई म्हणाली, "आमची बस भरल्याशिवाय हलते कुठे?"

१२ ताटं भरली, प्रत्येकात ७ नेवऱ्या, ५ लाडू. मीच हेलपाटे घालून घरोघरी पोचवली, घामाघूम होऊन आलो, चहा टाकला आणि नेवऱ्यांचा डबा उघडला.

लेकीच्या वहीत शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं, बाकी ०.