तास झेपतो, मधली सुट्टी झेपत नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय : ‘स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना साधी शाळा झेपत नाही. एका मुलापायी चाळीस मुलांचा वेळ जातो. त्यांच्यासाठी खास शाळा आहेत, तिथेच ती सुखी राहतील.’ मी तिसरीची वर्गशिक्षिका आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

‘झेपत नाही’ म्हणजे नक्की काय? माझ्या वर्गातला एक मुलगा पाढे घडाघडा म्हणतो. गणिताचा तास त्याला कधीच जड गेला नाही. जड जायचा तो परिपाठ, कारण त्याची जागा कर्ण्यासमोर होती. मग घंटेचा टोल. आणि सगळ्यांत अवघड मधली सुट्टी : व्हरांड्यात कल्ला, ताटांचा खणखणाट, खिचडीचा वास, आणि कुठे बसायचं, कुणाशी काय बोलायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. तो कान दाबून खाली बसायचा. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. मीसुद्धा म्हटलंय, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता तो रांगेच्या टोकाला उभा राहतो. घंटेआधी दोन मिनिटं मी त्याला सांगून ठेवते. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास चित्रांत काढलेले असतात, झालेला तास तो स्वतः पुसतो. एखादे सर रजेवर असले तर चित्र सकाळीच बदलते. बदल आधी कळला की तो निभावतो, ऐनवेळी कळला की सगळा दिवस बिघडतो. मधल्या सुट्टीत एक ठरलेला सोबती आणि पुस्तकांच्या कपाटाजवळची शांत जागा, एवढं त्याला पुरतं.

राहिला चाळीस मुलांचा वेळ. चित्रं काढायला पाच मिनिटं लागतात. ‘वही काढा, तारीख घाला, पान बावीस उघडा’ असं एका दमात सांगायची माझी सवय त्याच्यामुळे मोडली. एका वेळी एकच सूचना द्यायला लागल्यापासून शेजारच्याच्या वहीत डोकावणारी आणखी चार-पाच मुलंही वेळेवर लिहू लागली.

खास शाळेबद्दल : काही मुलांना ती खरोखरच लागते, आणि तिथे जीव तोडून काम करणारे शिक्षक आहेत. पण ती निवड ग्रुपने करायची नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेची नोंद आहे. शासनमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, हे कलम 16 सांगतं. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडून मोफत शिकता येतं.

शिक्षकांवर ताण येतो, हे मात्र खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. आमच्याकडे विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. मला त्या रोज हव्या आहेत. पालकांनी सह्या गोळा करायच्याच असतील तर त्यासाठी कराव्यात, पहिली सही माझी.