खुलासा : ‘नोंदणी नाही, मग नाव कुणीही वापरावं’ हे चूक आहे

जळगाव, भुसावळ, अमळनेरच्या ग्रुपांवर माझा मागच्या आठवड्यातला मजकूर फिरतोय. दोन सोडावाल्यांच्या नावावरून चाललेल्या वादाबद्दल मी लिहिलं होतं, ‘जुन्याने नाव रजिस्टर केलेलं नाही, म्हणून नवा तेच नाव बिनधास्त वापरू शकतो.’ हे चुकीचं आहे, आणि चूक माझी आहे.

एका वकील मैत्रिणीने टोकलं, तेव्हा मी कायदा उघडून वाचला. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ चं कलम २७ नोंदणी नसलेल्या नावालाही ‘पासिंग ऑफ’चा दावा मोकळा ठेवतं. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. जुन्याला तिथे बाजारातली पत, गिऱ्हाइकाची फसगत आणि नुकसान दाखवावं लागतं.

दोन्ही बाटल्या मी शेजारी ठेवून पाहिल्या. तोच पिवळा कागद, तेच कापलेलं लिंबू, नावात एका वेलांटीचा फरक. मे महिन्याच्या उन्हात, एसटी स्टँडवर, घाईत ती वेलांटी दिसत नाही.

पण एवढ्यावरून नव्याला दोषीही ठरवू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लेंडर्स प्राइड’ व्हिस्कीवाल्यांना ‘लंडन प्राइड’ व्हिस्कीविरुद्ध अंतरिम (दाव्याचा निकाल लागेपर्यंतची) मनाई नाकारली, ‘प्राइड’ या सर्रास शब्दावर एकट्याचा हक्क मानला नाही. आणि हो, बाटलीवरचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक अन्न परवान्याचा असतो, नावाच्या मालकीचा नव्हे.

जुना मजकूर मी काढलाय. कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.