एलिसाबेत्ता सिरानीची ओळख विषापासून का सुरू होते?

इटलीतल्या बोलोन्याची ही सतराव्या शतकातली चित्रकर्ती. तिच्याबद्दल कुठेही चार ओळी वाचा, सुरुवात तिच्या मरणापासूनच. १६६५ च्या ऑगस्टमध्ये पोटात असह्य कळा येऊन गेली, वय फक्त २७, मग घरातल्या मोलकरणीवर विषप्रयोगाचा खटला वगैरे. त्या खटल्यात विषाचं काही सिद्ध झालं नाही आणि आताचे अभ्यासक म्हणतात की पोटातला अल्सर फुटून ती गेली असावी. तरी पोस्ट पडतात त्या विषाच्याच, आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण बाईने केलेलं काम एवढं मोठं आहे की मरणाबद्दल बोलायला वेळच उरू नये.

तिचं १६६३ चं 'व्हर्जिन अँड चाइल्ड' बघा. वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्समध्ये आहे, त्यांच्या साइटवर दिसतं. येशूची आई मेरी आहे पण स्वर्गाची राणी वगैरे नाही, दागिने नाहीत, सिंहासन नाही, डोक्याला बोलोन्याकडच्या गावातल्या बायका गुंडाळायच्या तसलं कापड. मांडीवरचं गुटगुटीत बाळ मागे रेलून आईच्या डोक्यावर गुलाबांचा हार चढवायला बघतंय आणि तिची नजर फक्त त्याच्यावर, आपल्याकडे बघायला तिला फुरसतच नाही. मागे नुसता काळोख. मेरीच्या पांढऱ्या बाहीवर रंग असा जाड लावलाय की ब्रश कसा फिरला ते कळतं. बाळाखालच्या उशीच्या शिवणीवर सोनेरी अक्षरांत सही आणि साल, जरीने भरल्यासारखं!

मेरीला असं साधं करणं हे सहज सुचलेलं नाही हं. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होतं आणि तिथलेच कार्डिनल, म्हणजे चर्चमधले मोठे धर्मगुरू, पालेओत्ती यांनी १५८२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं होतं की धार्मिक चित्र अडाणी माणसालाही कळलं पाहिजे. घरात प्रार्थनेसाठी लावायला अशा छोट्या मेरींना खूप मागणी होती. पण मागणी पुरवणारे बरेच होते, त्या सगळ्यांनी असं बाळ नाही काढलं.

आणि सही का एवढी जपून करायची? कारण लोक म्हणायचे चित्रं बापच काढतो. वडील जोव्हान्नी आंद्रेआ सिरानी, बोलोन्याचा नावाजलेला चित्रकार ग्विदो रेनी याच्या हाताखाली तयार झालेले, स्वतः चांगले चित्रकार, पण गाऊटने, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजाराने, त्यांचे हात गेले आणि घर चाललं ते या मुलीच्या कमाईवर. विशीच्या आसपास तिने बोलोन्यातल्या चेर्तोझा मठाच्या चर्चसाठी 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' केलं, भिंतभर मोठं चित्र, कितीतरी माणसं एका फ्रेममध्ये. एवढं काम एका मुलीला देणं तेव्हा नेहमीचं नव्हतं, कारण बायकांना नग्न मॉडेल समोर बसवून शरीराचा अभ्यास करायची मुभाच नव्हती. तरी संशय संपेना, मग ती लोकांसमोर बसून काढायला लागली. १६६४ मध्ये फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातला कोसिमो तिच्या स्टुडिओत आला, त्याच्या डोळ्यांदेखत तिने हातातल्या चित्राचा भाग रंगवला आणि त्याने लगेच स्वतःसाठी एक मेरी मागितली. बाप चांगला शिकवणारा होता हे खरंच आहे, पण शिकवलं म्हणजे चित्र त्याचं होत नाही, आणि मुलीला प्रत्येक वेळी समोर बसून ते दाखवून द्यावं लागणं हा मला अपमानच वाटतो, मग समोर कितीही मोठा राजपुत्र असो.

तिने १६५५ पासून वही ठेवली, कुठलं चित्र, कुणासाठी. ती वही बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या माल्वाझियाने १६७८ च्या आपल्या ग्रंथात छापली म्हणून आज एवढं तरी कळतं. साधारण २०० चित्रं, दहा-एक वर्षांत, घर सांभाळून. शिवाय शिकवायची पण. बहिणी बार्बरा आणि आन्ना मारिया, आणि घराबाहेरच्या मुलीसुद्धा, काहींचे तर वडीलही चित्रकार नव्हते. त्या काळात बापाचा स्टुडिओ नसेल तर मुलीने रंग धरायला शिकायचं कुठे? ते दार या बाईने उघडलं आणि तेही स्वतः विशीत असताना. मला तर हेच तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं, मेरीपेक्षाही.

सान दोमेनिकोच्या चर्चमध्ये तिला ग्विदो रेनीच्याच थडग्यात ठेवलंय. रेनीबद्दल लिहिणारे त्याच्या रंगांवर, रेषेवर पानंच्या पानं लिहितात. तिच्याबद्दल लिहिताना पण तेवढंच करा ना, उशीवरच्या त्या सहीपासून सुरू करा, पांढऱ्या रंगावर बोला, विद्यार्थिनींवर बोला.