ती खुर्ची बसायला आहे की बघायला?

परवा एकांकडे गेले होते. हॉलच्या कोपऱ्यात एक देखणी जुनी आर्मचेअर, हातांवर कोरीवकाम, पाठीला बटनं लावलेली मखमल. मी आपली सवयीने सरळ तिच्याकडेच वळले, तर घरातल्या ताई घाईघाईने, "अहो इकडे बसा ना सोफ्यावर, ती जुनी आहे!" झालं. मग सोफ्यावर बसले, म्हणजे खरं तर रुतले, आणि पुढचा तासभर त्या खुर्चीकडे बघत होते. तिच्यावर एक उशी तिरकी करून ठेवली होती आणि तिला कधी कुणाची पाठ लागली नसणार हे लांबूनच कळत होतं.

मला हे पटतच नाही. जुनी आर्मचेअर घरात आणायची असेल तर बसायला आणा, नाहीतर तिचा फोटो फ्रेम करून लावा, जागा तरी कमी लागेल. आणि दुसरा प्रकार म्हणजे न घडी घातलेल्या कपड्यांची खुर्ची, ती तर प्रत्येक घरात असते, आमच्याकडेही होती. पण खरं सांगू का, शोपीसपेक्षा मला ती कपड्यांची खुर्ची बरी वाटते, निदान काहीतरी काम करते बिचारी.

आधी एक गोष्ट, कारण लोक अँटिक आणि व्हिंटेज हे शब्द वाटेल तसे फेकतात. अमेरिकेच्या कस्टम्सच्या नियमात अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि बाजारातही साधारण हाच आकडा धरतात. व्हिंटेजला असा पक्का आकडा नाही, आपल्या आधीच्या पिढीच्या काळातली आणि त्या काळाची ओळख सांगणारी म्हणजे व्हिंटेज. म्हणजे १९५६ ची एम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची लाउंज चेअर किंवा १९५८ ची डॅनिश डिझायनर आर्ने याकोबसनची एग चेअर, म्हणजे त्या काळात बनलेला नग, तो व्हिंटेज, अजून अँटिक नाही.

आता मुद्दा. या खुर्च्या कुणीतरी बसणाऱ्या माणसाचा विचार करून बनवल्या होत्या. विंग चेअर घ्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ते कान असतात ना, ते नटवायला नव्हते. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्लंडमध्ये शेकोटीसमोर बसणाऱ्याला मागून बाजूने गार वारा लागायचा, तो अडवायला आणि शेकोटीची ऊब धरून ठेवायला ते कान. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांचे हात पुढच्या पायांच्या रेषेत न ठेवता मागे सरकवलेले दिसतात, का, तर बायकांचे ते प्रचंड घेरदार झगे मावायला पाहिजेत. मॉरिस चेअर १८६० च्या दशकातली, तिची पाठ मागे एका दांड्यावर टेकलेली, दांडा पुढच्या मागच्या खाचेत टाकला की पाठ हवी तेवढी कलते. म्हणजे आजच्या रिक्लायनरचं काम, मोटर नाही, वायर नाही, बिघडायला काही नाही. हे सगळं माहीत झालं ना, की त्या तिरक्या उशीचा फार राग येतो.

हां, कोणी म्हणेल की फक्त बघायच्या खुर्च्या तेव्हाही होत्याच. होत्या! त्याच फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सरळ पाठीच्या खुर्च्या भिंतीला लागून रांगेत मांडायचे, त्या जवळजवळ भिंतीच्या सजावटीचाच भाग. आणि गोलसर पाठीच्या हलक्या खुर्च्या वेगळ्या, त्या उचलून हव्या तिथे न्यायच्या, गप्पा मारायला. पण त्यांच्याकडे दोन्ही होत्या हो, आणि मोठमोठे दिवाणखाने होते. आपल्या हॉलमध्ये एकच खुर्ची मावते आणि तीही आपण भिंतीच्या रांगेतली करून टाकतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे कोणी मला शहाणी समजू नये. पहिली जुनी खुर्ची घेतली तेव्हा ती जरा डुगडुगत होती आणि कापड विटलेलं. दिली एका कारागिराला आणि वर म्हटलं, "एकदम नव्यासारखी करून द्या". त्याने दिली की! आतले घोड्याचे केस, स्प्रिंगा, खालच्या पट्ट्या सगळं काढून फेकलं आणि जाडजूड फोम भरला, लाकूड घासून घासून चकचकीत केलं. बसले तर पाय अधांतरी. बैठक वर आली म्हणून हात खाली गेले, कोपर टेकायला वाकावं लागायचं. खुर्चीत बैठक, हात आणि पाठ यांचं एक गणित असतं आणि दोन-तीन इंच फोमने ते पार मोडतं हे तेव्हा कळलं. शिवाय फोम कायमचा नसतो, काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, केसांचं भरण मात्र पिंजून परत घालता येतं. कारागिराला काय बोलणार, त्याने मी सांगितलं तेच केलं.

तेव्हापासून मी दुकानात कापडाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बसते, चांगली पाच मिनिटं, दुकानदाराने कितीही घड्याळ बघितलं तरी. मग हातांवर जोर देऊन उठते, कारण आर्मचेअरचे हात मुख्यतः उठायलाच असतात, गुडघे दुखणाऱ्याला विचारा. त्यानंतर खुर्ची उलटी करायची (लाजू नका!). खाली खरी जन्मपत्रिका असते. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर सावध व्हा, तो १९३० च्या दशकात बाजारात आला, म्हणजे खुर्ची "दोनशे वर्षं जुनी" असेल तर हा स्क्रू नंतर कोणीतरी मारलाय किंवा समोरचा थापा मारतोय. लाकडात बारीक भोकं असली तरी घाबरू नका, कीड कधीच गेलेली असू शकते, पण भोकातून ताजा फिकट भुसा पडत असेल तर मात्र ती खुर्ची घरात आणू नका, बाकीचं फर्निचरही जाईल. आणि डुगडुगण्याचं म्हणाल तर ते मोठं दुखणं नाहीच. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात, ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, सांधा उघडून साफ करून परत बसवता येतो. खरं दुखणं म्हणजे मधल्या कुठल्या तरी हुशार माणसाने त्यात ठोकलेले खिळे.

हातांच्या पुढच्या टोकाला पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालेलं असतं बघा. कित्येक तळव्यांनी केलेलं काम आहे ते, पॉलिश पेपरने घासू नका, प्लीज. माझ्या आताच्या खुर्चीचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त झिजलाय. कुणाचा हात होता काय माहीत. आमच्या घराण्यातली नाही ती, तिचे मूळ मालक मला ठाऊक नाहीत आणि त्याने काही अडत नाही, जुनी खुर्ची म्हणजे आजोबांचीच असायला हवी असं थोडीच आहे.

एक अपवाद मान्य. मूळ कापड, मूळ भरण तसंच टिकलेली खरोखर दुर्मीळ खुर्ची असेल तर नका बसू, ती म्युझियमच्या तोडीची वस्तू आहे. पण आपल्यापैकी किती जणांकडे तशी आहे?

आणि घरात ठेवायची कुठे, तर सेट जुळवायच्या नादाला लागू नका. एकच पुरते. खिडकीजवळ ठेवा पण थेट उन्हात नको, कापड विटतं आणि लाकडाचा रंग उडतो, हीटरला चिकटून पण नको, सांधे सुकून सुटतात. भिंतीपासून जरा सुटी, बाजूला हात पोचेल असं छोटं टेबल आणि खांद्यामागून येणारा दिवा. बस. सोफ्यावर चार जण बसून टीव्ही बघतात, या खुर्चीत एकटं माणूस बसतं आणि घरातल्यांना कळतं की आत्ता हिला हाक मारायची नाही. आमच्याकडे तरी हा नियम आपोआप पडला, कुणी ठरवला नाही. पाहुणे आले तर ते मात्र सरळ तिच्यातच बसतात आणि मी बसू देते. मागच्या महिन्यात एकाने हातावर ओला ग्लास ठेवला, लाखेच्या पॉलिशवर पांढरा गोल उमटलाय. जाईल किंवा राहील.

कपड्यांचं विचाराल तर ते आता जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीवर आहेत.